जुना ट्रेलर घेऊन स्वतःचा वाहतुकीचा धंदा सुरू करावा का?

नऊ वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून काढल्यावर आता १२ वर्षे जुना, ४० टनी ट्रेलर घेऊन न्हावा शेवा बंदरातून कंटेनरची वाहतूक करावी का, असे तुम्ही विचारले आहे. मी २०१८ साली कळंबोलीतून असाच ट्रेलर घेतला आणि आजही तो स्वतःच चालवतो, म्हणून माझे उत्तर ‘घ्या’ असे आहे. मात्र हातातली सगळी पुंजी गाडीच्या किमतीत घालणार असाल, तर घेऊ नका.

मी नेमके तेच केले होते. तिसऱ्या महिन्यात चाकणला भरलेला कंटेनर नेताना खंडाळ्याच्या घाटात क्लचप्लेट जळाली. दुरुस्ती दीड दिवसाची होती, पण पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत गाडी अकरा दिवस उभी राहिली, कर्जाचा हप्ता काही थांबला नाही, आणि ज्याचे भाडे होते त्या ट्रान्सपोर्टरने पुढचे दोन महिने फोन केला नाही. आता दोन हप्ते आणि एका मोठ्या कामाचा खर्च एवढी रक्कम मी वेगळी ठेवतो.

गाडी पाहायला भल्या सकाळी, इंजिन गार असताना जा. तुम्ही पोहोचण्याआधीच मालकाने ती चालू करून ठेवली असेल, तर गार इंजिन सुरू होताना देत असलेला त्रास त्याला लपवायचा असावा; अर्धे उत्तर तिथेच मिळाले. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण उघडा. धुराचे भपकारे येत असतील तर रिंग-पिस्टनचे, म्हणजे इंजिन खोलून करायचे मोठे काम जवळ आले आहे. मग खाली वाकून फिफ्थ व्हीलजवळ, म्हणजे पुढच्या गाडीला ट्रेलर जिथे जोडला जातो तिथे, चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) हात फिरवा, कारण ताज्या रंगाखाली दडलेले वेल्डिंग डोळ्यांना दिसले नाही तरी बोटांना लागते.

कागदांत जुने कर्ज फिटल्याचे बँकेचे ना-हरकत पत्र आणि थकलेली ई-चलने पाहा. आठ वर्षांनंतर गाडीचे फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, आणि मल्टिॲक्सल (दोनपेक्षा जास्त आसांच्या) गाडीला राष्ट्रीय परवाना १५ वर्षांपर्यंतच मिळतो. म्हणजे परराज्यातील भाड्यांसाठी तुमच्याकडे तीनच वर्षे आहेत.

बयाणा देण्याआधी दोन-तीन ट्रान्सपोर्टरांना भेटा, आणि रिकामा कंटेनर परत सोडण्याचे भाडे वेगळे मिळते का, बंदरावर गाडी अडकली तर हॉल्टिंग, म्हणजे थांबून राहिल्याचे पैसे, कोण देतो, हे त्यांना स्पष्ट विचारा. हे विचारायचे असते, हेच मला २०१८ मध्ये ठाऊक नव्हते.