कच्चे तेल उतरले तरी प्लास्टिकचा दाणा त्या प्रमाणात स्वस्त का होत नाही?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: पेट्रोकेमिकल उद्योगातील उत्पादन खर्चाचा कल सध्या कोणत्या दिशेने आहे, आणि कच्च्या तेलाचा भाव पडल्यावर दाणा तेवढा का पडत नाही. गोव्यात कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात औषधांच्या बाटल्या आणि बुचे यांसाठी लागणाऱ्या दाण्याची, म्हणजे ज्यातून वस्तू घडवतात त्या कच्च्या प्लास्टिकची, खरेदी माझ्याकडे असते. म्हणजे या साखळीत मी गिऱ्हाईक आहे आणि हे उत्तर गिऱ्हाइकाच्या बाजूचे आहे.

उत्पादन खर्चाचा मोठा भाग कच्च्या मालातच जातो. नाफ्ता म्हणजे कच्च्या तेलातून निघणारा हलका द्रव, आणि क्रॅकर म्हणजे असा कच्चा माल प्रचंड तापवून त्यातून इथिलीन, म्हणजे प्लास्टिकचा मूळ वायू, काढणारा कारखाना. नाफ्त्यावर चालणाऱ्या क्रॅकरमध्ये इथिलीनच्या रोख खर्चापैकी साधारण ७० ते ८० टक्के वाटा एकट्या नाफ्त्याचा असतो. एक टन इथिलीनसाठी सुमारे सव्वातीन टन नाफ्ता लागतो, तर नैसर्गिक वायूबरोबर मिळणारे इथेन सव्वा टनाच्या आसपास पुरते. नाफ्त्यातून प्रोपिलीन, ब्युटाडाईन, बेंझीन हीदेखील निघतात आणि त्यांच्या विक्रीचे पैसे खर्चातून वजा होतात, त्यामुळे हा फरक आकड्यांवरून वाटतो तेवढा विदारक नसतो. पण फरक आहे, आणि गेल्या दीड दशकात या उद्योगाचा नकाशा त्यानेच बदलला. अमेरिकेत शेल या खडकातून काढलेल्या वायूबरोबर इथेन मुबलक निघू लागले, आखाती देशांकडे ते आधीपासून होतेच, आणि नाफ्त्यावर अवलंबून असलेले युरोप, जपान व कोरिया हे महागडे उत्पादक ठरले.

आपल्याकडे रिलायन्सने २०१७च्या सुमारास अमेरिकेतून जहाजाने इथेन आणायला सुरुवात केली. दहेजला उतरलेले हे इथेन नळाने हजिरा आणि नागोठण्यापर्यंत जाते. नागोठण्याचा कारखाना मूळचा आयपीसीएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीचा, बॉम्बे हायच्या वायूवर उभारलेला, आणि तो आमच्याच मुंबई-गोवा महामार्गालगत आहे. (त्या रस्त्याची अवस्था हा वाहतूक खर्चाचा स्वतंत्र विषय होईल.) कच्चा माल बदलण्याचे गोव्यातले उदाहरण हवे असेल, तर सांकवाळचा खत कारखाना पाहावा. तो पेट्रोकेमिकलचा नव्हे, पण अमोनियासाठी तिथेही वर्षानुवर्षे नाफ्ताच वापरला जात होता. दाभोळहून निघालेल्या वाहिनीचा वायू गोव्यात पोहोचल्यावर २०१३च्या सुमारास तो नाफ्ता सोडून वायूवर गेला.

आता भावाकडे येतो. आपल्या प्रश्नात असे गृहीत धरलेले दिसते की कारखानदार स्वतःच्या खर्चावर नफा चढवून दर ठरवतो. दाण्याच्या बाबतीत तसे होत नाही. बाहेरून माल आणला तर तो बंदरात उतरून, सीमाशुल्क भरून, त्या दिवशीच्या डॉलरच्या दराने कितीला पडेल, हे पाहून देशी कंपन्या आपले दरपत्रक काढतात. त्यामुळे इथेन स्वस्त पडले तर तो फायदा बहुतांशी उत्पादकाच्या खिशात राहतो, आणि जगात माल तुंबला तर त्याचा खर्च वाढूनही त्याला दर वाढवता येत नाही.

२०२०च्या एप्रिलमध्ये कच्चे तेल कोसळले होते. पण पुढच्या फेब्रुवारीत टेक्सासमधील थंडीच्या लाटेने तिथले क्रॅकर बंद पाडले, कंटेनरचे भाडे भडकले, आणि तेल साठ-पासष्ट डॉलरवर असतानाही दाण्याने आमचे अंदाजपत्रक पार उधळून लावले. सध्याची परिस्थिती याच्या उलट आहे. चीनने २०२० नंतर इतकी नवी क्षमता उभी केली आहे की जुने क्रॅकर पूर्ण क्षमतेने चालवता येत नाहीत, आणि पगार, देखभाल, कर्जाचे व्याज यांचा बोजा कमी टनांवर पडल्याने प्रतिटन खर्च वाढतो. युरोपात काही क्रॅकर कायमचे बंद होत आहेत, आणि कोरियातील कंपन्यांनी २०२५ मध्ये नाफ्ता क्रॅकरची क्षमता घटवण्याचे मान्य केले आहे. माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग उत्पादकांमधील अंतर यापुढे आणखी वाढेल.

पीव्हीसीला, म्हणजे पाण्याच्या पाइपांच्या प्लास्टिकला, मात्र हा हिशेब लावू नये. त्याच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते, आणि क्लोरीनचा खर्च मुख्यतः विजेचा असतो. शिवाय चीनमध्ये बरेचसे पीव्हीसी कोळशापासून, कॅल्शियम कार्बाइडमार्गे बनते. त्यामुळे तेलाच्या भावावरून पाइपच्या भावाचा अंदाज बांधणारे हमखास फसतात.

खरेदीदाराला उपयोगी पडेल असा एक ठोकताळा सांगतो. एक टन नाफ्ता म्हणजे साधारण नऊ बॅरल. तेल बॅरलमागे दहा डॉलरने हलले की नाफ्ता टनामागे नव्वदेक डॉलरने हलायला हवा. तसा तो हलला नाही, तर कारण नाफ्त्याच्या मागणी-पुरवठ्यात शोधावे. दरपत्रक बहुधा महिन्याच्या पहिल्या तारखेला येते, मध्येही बदलते, आणि महिनाअखेरीस विक्रेत्याचा ‘उद्यापासून किलोमागे दोन रुपये वाढणार, गाडी आजच भरू का?’ असा फोन ठरलेला असतो. त्या फोनवर पंचवीस किलोच्या पिशव्यांनी गोदाम भरून ठेवण्याआधी नाफ्त्याचा आणि रुपयाचा त्या पंधरवड्यातील कल पाहावा. आपण पुढे कोणाला वर्षभराच्या दराने माल पुरवणार असाल, तर करारातील दरबदलाचे कलम कच्च्या तेलाशी न जोडता त्याच ग्रेडच्या दाण्याच्या दरपत्रकाशी जोडून घ्यावे, आणि गोव्यापर्यंतचे भाडे त्यात वेगळे दाखवावे.