पडद्यावर दिसलो, म्हणून मोकळे झालो का?

प्रश्न: ताई, मी गे आहे, वय २४. दोन-तीन मित्र सोडले तर कुणाला सांगितलेलं नाहीये. हल्ली बहुतेक वेब सिरीजमध्ये एखादं क्विअर पात्र असतंच आणि मित्र म्हणतात आता तर सगळीकडे तुम्हीच दिसता, अजून काय पाहिजे. मला बघून बरं वाटतं पण मोकळं काही वाटत नाही. मी उगाच कुरकुर करतोय का?

उत्तर: अजिबात नाही रे. बरं वाटतं ते खरंच आहे, ते कमी लेखू नकोस, कारण हॉलिवूडमध्ये १९३४ पासून हेज कोड, म्हणजे सिनेमात काय दाखवायचं नाही याची नियमावली, कडकपणे लागू झाला आणि पुढची कित्येक वर्षं समलिंगी नातं उघड दाखवताच यायचं नाही, मग नुसतं सुचवायचं नाहीतर त्या पात्राला खलनायक करायचं किंवा शेवटी मारून टाकायचं. कोड गेला, मारायची खोड राहिली. २०१६ मध्ये 'द हंड्रेड' मालिकेतली लेक्सा प्रेयसीच्या मिठीतून उठते काय आणि लगेच गोळी लागून मरते काय, चाहते जाम भडकले होते, आणि बरोबरच होतं त्यांचं.

पण मोकळं वाटणं वेगळं. २०१९ चा स्टार वॉर्स घे, शेवटच्या जल्लोषात दोन बायका एकमेकींना किस करतात, पापणी लवेपर्यंत संपतं सुद्धा, आणि सिंगापूरमध्ये वयाचं रेटिंग वाढू नये म्हणून तेवढा तुकडा कापला तर गोष्टीला ओरखडाही आला नाही. मला हेच खुपतं, कापलं तरी चालेल इतकीच जागा मिळते. पडद्यावर समलिंगी माणसं कशी दाखवतात यावर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या ग्लाड संस्थेच्या विटो रुसो टेस्टमध्ये म्हणूनच एक अट आहे की ते पात्र काढलं तर कथेत मोठा फरक पडला पाहिजे. पुढची सिरीज बघताना एवढं तपासून बघ, बरीच पात्रं तिथेच गळतात.

आणि समजा पात्र छान लिहिलं, तरी पडदा किती करणार? १९९७ मध्ये 'एलेन' या अमेरिकन मालिकेची नायिका कम आउट झाली, म्हणजे आपण समलिंगी आहोत हे तिने उघड सांगितलं, ४ कोटींवर लोकांनी तो भाग बघितला, पुढच्याच वर्षी मालिका बंद, आणि अख्ख्या अमेरिकेत समलिंगी लग्नाला मान्यता मिळायला २०१५ उजाडलं, तेही लोक कोर्टात भांडले तेव्हा. सिरीज बघून तुला स्वतःसाठी शब्द सापडतील, आपण एकटे नाही हे कळेल, ते फार मोलाचं आहे, पण घरी सांगितल्यावर तुझ्या बाजूने कोण उभं राहणार हे ती सिरीज ठरवत नाही. तेव्हा 'अजून काय पाहिजे' म्हणणाऱ्या त्या मित्रांनाच सरळ विचार, मी घरी सांगितलं आणि बिनसलं तर तुमच्याकडे राहायला येऊ का?