पोर्टेनर: नवी इमेज आली, फायली गेल्या

प्रश्न: पोर्टेनरमध्ये (डॉकरचे कंटेनर, म्हणजे ॲप ज्यात चालतं ते बंदिस्त कप्पे, ब्राउझरमधून सांभाळायचं साधन) ‘रीक्रिएट’ करून ॲपची नवी इमेज (ज्यावरून कंटेनर बनतो तो साचा) घेतली. ॲप सुरू झालं, पण अपलोड केलेल्या फायली नाहीशा झाल्या. असं का?

उत्तर: ‘रीक्रिएट’ जुना कंटेनर काढून नवा बनवतं. फायली व्हॉल्यूममध्ये (कंटेनरच्या बाहेर टिकून राहणारी साठवणीची जागा) नसतील तर त्या जुन्या कंटेनरबरोबरच जातात. बॅकअपशिवाय परत मिळत नाहीत. नुसत्या ‘रीस्टार्ट’ने मात्र काही बिघडत नाही.

यापुढे आधी कंटेनरच्या पानावर ‘व्हॉल्यूम्स’ पाहा. ॲपचं डेटा फोल्डर तिथे दिसत नसेल तर थांबा. ‘डॉकर सीपी’ (docker cp) या कॉपी करायच्या कमांडने फायली बाहेर काढा, नवं व्हॉल्यूम बनवून ‘डुप्लिकेट/एडिट’मध्ये नेमक्या त्याच पाथला (डेटा फोल्डरच्या पत्त्याला) जोडा, मग फायली परत आत टाका. नवं व्हॉल्यूम जुन्या कंटेनरमधल्या फायली आपोआप उचलत नाही. आणि पाथमधलं एक अक्षर चुकलं तरी ॲप कुठलीही तक्रार न करता कंटेनरमध्येच लिहीत राहतं.