‘आईची नळी काढली तर मी तिला मारलं असं होईल का?’

गेल्या महिन्यात आलेली निम्मी पत्रं एकाच विषयावर होती, इच्छामरण. बडोद्यात तीस वर्षं अतिदक्षता विभागात काम करताना हे प्रश्न मी पलंगाच्या कडेला उभं राहून ऐकले आहेत. त्यातल्या चारांना इथे उत्तर देतो.

प्रश्न (रावपुरा): आई 84 वर्षांची. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून 19 दिवस व्हेंटिलेटरवर आहे. शुद्धीवर येण्याची आशा नाही, असं डॉक्टर सांगतात. धाकटा भाऊ म्हणतो, नळी काढू या. मी हो म्हटलं तर आईला मीच मारलं असं होईल ना?

नाही होणार. तुमच्या आईंना नेतो आहे तो रक्तस्राव. यंत्र त्याला बरं करत नाही, फक्त थोपवून धरतं. यातला फरक ओळखायची माझी एक साधी खूण आहे. नळी काढल्यावर रुग्ण स्वतःहून श्वास घेऊ लागला तर आम्हा सगळ्यांना आनंदच होतो, आम्ही पुढची सेवा करत राहतो. विषाचं इंजेक्शन देणाऱ्याला मात्र रुग्ण जगला तर आपलं काम फसलं असं वाटेल. दोन्ही ठिकाणी मरण येतं, पण हेतू एक नाही.

कायदाही हा फरक मानतो. 1973 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर पाशवी हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्यांच्यासाठी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये निकाल दिला. निरर्थक उपचार थांबवायला वाट मोकळी केली, पण अरुणाताईंच्या बाबतीत नकार दिला, कारण ज्या परिचारिका त्यांना सांभाळत होत्या त्यांना ते मान्य नव्हतं. 2015 साली न्यूमोनियाने त्या गेल्या. 42 वर्षं त्या परिचारिकांनी त्यांना घरच्या माणसासारखं जपलं. दयामरणाबद्दल बोलताना आपण निकाल आठवतो, त्या बायकांचे हात विसरतो.

पुढे 9 मार्च 2018 रोजी न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असं सांगितलं, आणि जानेवारी 2023 मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं एक मंडळ मत देतं. त्यानंतर दुसरं मंडळ स्वतंत्रपणे तपासतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो 48 तासांत निर्णय द्यायचा असतो. नळी काढण्यापूर्वी रुग्णालय दंडाधिकाऱ्यांना कळवतं. तुम्हाला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. कोणते उपचार नकोत हे सांगणारं लेखी इच्छापत्र नसलं तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हे होतं.

एक कळकळीची विनंती. ‘स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत’ या कागदावर सही करून आईंना गाडीत घालू नका. ही पळवाट मी किती वेळा पाहिली! रुग्णालय सुटतं, नातेवाईक सुटतात आणि रुग्ण मात्र रस्त्यात धाप लागून, औषधाच्या एका थेंबाविना जातो. नळी काढायची तर आधी धाप आणि तगमग शमवणारी औषधं सुरू हवीत आणि कोणीतरी हात धरून शेजारी बसलेलं हवं. तुम्हाला काय हवं आणि भावाला काय हवं, हा वाद बाजूला ठेवा. आई बोलू शकल्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या, ते दोघांनी बसून आठवा.

प्रश्न (मांजलपूर): मी 71 वर्षांची निवृत्त शिक्षिका. माझ्यावर अशी वेळ येण्याआधी लिहून ठेवायचं आहे. वकील लागेल का?

लागणार नाही. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत ते स्पष्ट लिहा, तुमच्या वतीने बोलणाऱ्या एकाहून अधिक व्यक्तींची नावं द्या, दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्या. प्रत घरच्या डॉक्टरांकडे आणि ज्यांची नावं लिहिलीत त्यांच्याकडे द्या. मन बदललं तर केव्हाही बदलता येतं. कपाटातल्या दागिन्यांच्या डब्यात मात्र ठेवू नका, तिथलं इच्छापत्र तेराव्याला सापडतं.

प्रश्न (फतेहगंज): नेदरलँड्स, बेल्जियममध्ये डॉक्टर इंजेक्शन देऊन सोडवतात. तळमळणाऱ्या जनावराला आपणही सोडवतो. मग माणसालाच का अडवायचं?

1928 साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत होतं. गांधीजींनी ते इंजेक्शनने संपवायला लावलं आणि गुजरातभर काहूर उठलं. माणसाला हे लागू कराल का, असं त्यांनाही विचारलं गेलं. तत्त्व म्हणून ते मागे हटले नाहीत, पण एक गोष्ट त्यांनी सांगितली: आजारी माणसाला मदत करायचे उपाय बहुतेक वेळा आपल्या हाती असतात, आणि तो स्वतः विचार करून ठरवू शकतो. वासराचं तसं नव्हतं.

माझं घोडं इथेच अडतं. नेदरलँड्स आणि बेल्जियमने 2002 पासून हे कायदेशीर केलं. कॅनडाने 2016 मध्ये सुरू केलं आणि 2021 मध्ये मरण समीप नसलेल्यांनाही वाट दिली. स्वतःच्या मरणावर स्वतःचा हक्क, हा त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. वेदनाशमन करूनही तळमळणारे मोजके रुग्ण मी पाहिले आहेत आणि त्यांच्यापुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण आपल्याकडे कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिनची, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकाची, स्वस्त गोळी मिळणं दुरापास्त आहे. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याच्या धास्तीने औषधवाले ती ठेवत नव्हते. 2014 च्या दुरुस्तीने परवान्यांचं जंजाळ कमी झालं, धास्ती राहिली. जिथे वेदना शमवत नाहीत तिथे मरणाची ‘निवड’ द्यायची, ही निवड कसली? आज तसा कायदा करायला माझा विरोध आहे.

प्रश्न (दांडिया बाजार): मला 68 वर्षं झाली, हाडांत कर्करोग पसरला आहे. सून नोकरी सोडून माझं करते. मला कोणावर ओझं व्हायचं नाही. विनोबांनीही शेवटी अन्न सोडलंच ना? डॉक्टर एक इंजेक्शन का देत नाहीत?

ताई, तुमच्या पत्रात ‘ओझं’ हा शब्द पाच वेळा आहे आणि ‘दुखतं’ एकदाच, तोही खोडलेला. तुमची ही मागणी भारतात कायदा मान्य करत नाही, पण तेवढं सांगून मला थांबायचं नाही. विनोबांचं उदाहरण तुम्ही दिलंत. बडोद्यात वाढलेल्या विनोबांनी 1982 साली पवनारला अन्न आणि औषध नाकारलं, ते आयुष्यभराच्या साधनेच्या शेवटी. रात्री दोन वाजता हाड ठणकत असताना मागितलेलं मरण हे तसं नसतं. ते बहुतेकदा झोप मागणं असतं.

हाडातल्या दुखण्यावर मॉर्फिन चालतं. दर चार तासांनी, घड्याळ लावून, दुखायची वाट न पाहता घ्यायचं. त्याने पोट साफ होत नाही, म्हणून सोबत रेचक पहिल्या दिवसापासून. हाडाला थोडे शेक, म्हणजे रेडिएशन, दिले तरी पुष्कळ आराम पडतो. आठवडाभर नीट झोप लागल्यावर ओझ्याचं सुनेशी उघड बोला, मुलाला दाराबाहेर ठेवून. सध्या मनात जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येत असेल तर हा अंक बाजूला ठेवून आत्ताच सुनेला हाक मारा. फाईल घेऊन मुलाला माझ्याकडे पाठवा. तुम्ही यायची गरज नाही, मी घरी येईन.