आमदाराला पक्षाचं मत पटत नसेल, तर सभागृहात उलट मत देता येतं का?

देता येतं, पण आमदारकी पणाला लावून. घटनेची दहावी अनुसूची (1985) सांगते की व्हिप (मतदान कसं करायचं याचा पक्षाचा आदेश) मोडून मत दिलं, किंवा मतदानालाच बसला नाहीत, तर अपात्रता येऊ शकते. ‘मी विरोधात नव्हतो, फक्त गैरहजर होतो’ हा बचाव चालत नाही. सुटकेच्या वाटा दोनच: आधी पक्षाची परवानगी घ्या, नाहीतर मतदानापासून 15 दिवसांत पक्षाने माफ करावं.

फक्त बोलणं हा वेगळा मुद्दा. भाषणात किंवा लेखात पक्षाशी असहमती दाखवली म्हणून व्हिपचा भंग होत नाही. मात्र वागणुकीवरूनही ‘पक्ष स्वेच्छेने सोडला’ असं धरता येतं, त्याला लेखी राजीनामा लागत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात सांगितलं. विरोधी पक्षाच्या नेत्यांसोबत राज्यपालांकडे जाऊन पाठिंबा दाखवलात की तिथेच फसलात.

गंमत निवडणुकांत आहे. राष्ट्रपतिपदाला गुप्त मतदान, व्हिप नाही. विधानपरिषदेलाही गुप्तच, म्हणून तिथे मतं फुटतात आणि कोणाची ते फक्त कुजबुजीत कळतं. राज्यसभेला मात्र मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी स्वतःच्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. दुसऱ्या कुणाला दिसली तर मत बाद. जून 2022 मध्ये महाराष्ट्रात एक मत असंच गेलं. राज्यसभेला उलट मत दिल्याने दहावी अनुसूची लागत नाही, पण पुढचं तिकीट विसरा.