पलटणीचा इतिहास लिहायचा तर आधी माणसं मोज

प्रिय मित्रास,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या मेरीलँड पलटणीवर लिहायचं ठरवलंस, विषय छान आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७६ च्या ब्रुकलिनपासून १७८१ च्या युटॉ स्प्रिंग्जपर्यंत ही मंडळी सतत भेटत राहतात. पण तुझ्या टिपणातल्या पहिल्याच वाक्यापाशी मी अडलो. ‘२५६ वीरांनी प्राण दिले’ असं तू लिहिलंयस.

२७ ऑगस्ट १७७६ ला इंग्रज फौज अमेरिकन फळीच्या मागे उतरली. अमेरिकन सेनानी लॉर्ड स्टर्लिंगनं बाकीच्यांना गोवानसची दलदल ओलांडायला वेळ मिळावा म्हणून मेरीलँडच्या थोड्या कंपन्या हाताशी ठेवल्या आणि तिथल्या एका दगडी घराजवळच्या इंग्रजांवर पुन्हा पुन्हा चाल केली. २५६ हा आकडा त्या दिवशी मेरीलँडचे जे लोक परत आले नाहीत त्यांचा. त्यात मेलेले आहेत आणि कैद झालेलेही. पुढे ‘परत आले नाहीत’चं ‘पडले’ झालं, आणि ब्रुकलिनमधल्या स्मारकफलकावर तर ‘इथे २५६ सैनिक पुरले आहेत’ असंच लागलं. फलक हा पुरावा नव्हे. त्या लढणाऱ्यांना ‘मेरीलँड ४००’ म्हणतात, ते नावही मागाहून पडलेलं आहे, ते हजेरीच्या आकड्यासारखं वापरू नकोस.

त्याच प्रसंगातल्या दोन चुका आणखी सांगतो, कारण त्या सगळेच करतात. पहिली म्हणजे ‘कर्नल स्मॉलवूडनं हल्ला चढवला’. हीच स्मॉलवूडची पलटण पुढे पहिली मेरीलँड झाली. स्मॉलवूड लढाईच्या सुरुवातीला मॅनहॅटनमध्ये लष्करी न्यायालयाच्या कामात अडकला होता, आणि त्याच्या खालचा लेफ्टनंट कर्नलही तिथंच. पलटण चालवली मेजर मॉर्डेकाय गिस्टनं. दुसरी चूक कंपन्यांची. स्मॉलवूडच्या पलटणीत नऊ कंपन्या होत्या, आणि त्याखेरीज मेरीलँडनं सात स्वतंत्र कंपन्या उभ्या केल्या होत्या. त्या दिवशी मारला गेलेला कॅप्टन व्हीझी स्वतंत्र कंपनीचा. ‘मेरीलँडचे’ आणि ‘पलटणीचे’ हे दोन वेगळे रकाने ठेव.

आता हजेरीपटाकडे ये, खरा मालमसाला तिथं आहे. पट वाचताना चार शब्द पक्के लागतात. ‘सिक प्रेझेंट’ म्हणजे आजारी पण छावणीतच. ‘सिक ॲबसेंट’ म्हणजे इस्पितळात किंवा कुठेतरी मागे राहिलेला. ‘ऑन फर्लो’ म्हणजे रजेवर. आणि ‘ऑन कमांड’, इथं भलेभले घसरतात. तो माणूस हुकूम देत नसतो. तो दाणागोटा आणायला, पहाऱ्याला, गाड्यांबरोबर अशा कामगिरीवर पलटणीपासून दूर असतो. पटावर चारशे नावं असली तरी यातले सगळे वजा केल्यावर बंदूक घेऊन उभे राहिलेले कदाचित निम्मेच निघतात. शिवाय ‘रँक अँड फाइल’ असा आकडा दिसला की त्यात फक्त नाईक आणि शिपाई धरलेले असतात. हवालदार, अधिकारी, नगारजी त्यात नाहीत. एका बाजूचा असा आकडा आणि दुसऱ्या बाजूची सगळी बेरीज शेजारी ठेवलीस की तुलना तिथंच फसली.

फिलाडेल्फिया किंवा वॉशिंग्टनकडे सगळं मिळेल असं समजू नकोस. युद्धखात्याच्या कचेरीला नोव्हेंबर १८०० मध्ये आग लागली आणि त्यात बरंच जळलं. मेरीलँडच्या राजधानीत, ॲनापोलिसला, राज्याकडे राहिलेले कागद म्हणून मोलाचे. पेन्शनचे अर्ज १८१८ आणि १८३२ च्या कायद्यांनंतरचे. चाळीस-पन्नास वर्षांनी म्हाताऱ्या शिपायानं न्यायालयात शपथेवर सांगितलेलं ते. कॅप्टनचं नाव, भरती झाल्याचं गाव, शेजारचा सोबती यात तो सहसा चुकत नाही. तारखा आणि लढायांचा क्रम यात हमखास चुकतो. तसंच वापर.

नावाचा घोळ वेगळाच. आपल्याकडे मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट आणि ‘जंगी पलटण’ ही तिची एक बटालियन, त्यामुळे आपण रेजिमेंट म्हटलं की मोठं कुटुंब समजतो. १७७६ मध्ये रेजिमेंट म्हणजे बहुधा एकच बटालियन. आणि नाव तेच राहून माणसं बदलतात. ऑगस्ट १७८० मध्ये कॅम्डेनला मार बसल्यावर मेरीलँडच्या सात पलटणींचे उरलेले लोक एकाच पलटणीत बसवावे लागले. पुढच्या मार्चमध्ये गिलफर्ड कोर्टहाउसला ‘दुसरी मेरीलँड’ इंग्रज गार्ड्ससमोर, म्हणजे राजाच्या खास तुकडीसमोर, मोडली, ती बहुतांश नव्या भरतीची होती. जुन्या दुसरीचा लौकिक तिच्या माथी मारून ‘अनुभवी पलटण पळाली’ असं लिहू नकोस.

बंदुकीवर पानं खर्चू नकोस. गारगोटी झिजली की ठिणगी पडत नाही, दारू ओली असली की नुसती रंजक (बाहेरची पेटवणीची दारू) उडते आणि बार होत नाही, आणि शंभर पावलांपलीकडे नेम धरण्यात अर्थ नसतो. एवढं कळलं की संगिनीला इतकं महत्त्व का होतं ते आपोआप कळतं.

त्याऐवजी एक प्रकरण पूर्ण या दोन दिवसांना दे. १७ जानेवारी १७८१, काउपेन्स. लेफ्टनंट कर्नल हॉवर्डच्या हाताखाली मेरीलँडच्या निवडक कंपन्या, सोबत डेलावेअर आणि व्हर्जिनियाच्या. इंग्रजांची ७१ वी हायलँडर पलटण उजवीकडून वळसा घालू लागली, म्हणून हॉवर्डनं कडेच्या व्हर्जिनियन कंपनीला तोंड फिरवायला सांगितलं. कंपनीनं हुकूम चुकीचा ऐकला आणि पाठ फिरवून चालू लागली. शेजारच्यांना वाटलं माघारीचा हुकूम आहे, सगळी रांग मागे निघाली. पण रांग मोडली नाही. इंग्रज विजय झालाच म्हणून विस्कळीत धावत आले, आणि ते अगदी जवळ आल्यावर रांग उलटी वळली, एक बार टाकला आणि संगिनी घेऊन धावली.

२५ एप्रिल, हॉबकर्क्स हिल. पहिली मेरीलँड उतारावरून संगिनीनं चाल करत होती, बार न टाकण्याचा हुकूम होता. काहींनी तरी गोळ्या झाडल्या, रांग अडखळली, कॅप्टन बीटी पडला आणि त्याची कंपनी थांबली. पलटणीचा कर्नल गन्बी, त्यानं पुढच्यांनाही मागे येऊन रांग नीट लावायला सांगितलं. याही खेपेला माघारच, पण ती समोरासमोरच्या गोळीबारात आणि मोडलेल्या रांगेतून, म्हणून तिचा पळ झाला. चौकशी मंडळानं गन्बीच्या हिमतीला दोष दिला नाही, पण पूर्ण विजय हुकला तो बहुधा त्या एका हुकमामुळेच, असं नोंदवलं. हे दोन दिवस शेजारी ठेवलेस की हीच पलटण एकदा शूर आणि एकदा भित्री असं लिहावं लागत नाही.

गिलफर्डला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसनं आपल्याच गार्ड्सवर तोफा डागल्या, ही गोष्ट अमेरिकन अधिकारी हेन्री लीच्या १८१२ मध्ये छापलेल्या आठवणींमुळे पसरली. ली त्या वेळी रणांगणाच्या दुसऱ्या टोकाला लढत होता. गोष्ट दे, पण हेही दे.

मराठी वाचकासाठी एक तळटीप मात्र जरूर घाल. हाच कॉर्नवॉलिस १७९२ मध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांसोबत श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध होता, आणि तिथल्या इंग्रज फौजेत ‘७१ वी हायलँडर’ही होती. ही काउपेन्सची ७१ वी नव्हे. ती युद्धानंतर मोडली गेली, आणि आधीपासून हिंदुस्थानात लढत असलेल्या ७३ व्या पलटणीला १७८६ मध्ये ७१ हा क्रमांक मिळाला. ‘मेरीलँडकडून हरलेलेच श्रीरंगपट्टणला आले’ हे वाक्य लिहिण्याचा मोह होईल.

पुढच्या खेपेस प्रकरण पाठवू नकोस. एकच कंपनी आणि एकच महिना निवड, आणि पटावरची सगळी नावं रकान्यांत मांडून पाठव. ‘ऑन कमांड’वाले कुठं गेले होते ते जमेल तितकं शेवटच्या रकान्यात लिही.

तुझा हितचिंतक