वाचकांचे प्रश्न : सील दोनदा बदलले, तरी ऑईल गळतेच

प्रश्न : माझ्याकडे दहा चाकी टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेला ट्रक आहे. वणी भागातील कोळसा आणि हंगामात हिंगणघाटच्या जिनिंगला कापूस, अशी त्याची वाहतूक चालते. दिवाळीपासून क्रँकचे मागचे सील दोनदा बदलले आणि दोन्ही वेळा गिअरबॉक्स उतरवावा लागला, तरी फ्लायव्हीलच्या खालून ऑईल टपकते. टॅपेट कव्हरच्या कडा ओल्या राहतात आणि आता इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपातही ऑईल दिसू लागले आहे. ब्रीदरच्या नळीतून गळणारे ऑईल अंगणात सांडू नये म्हणून मिस्त्रींनी नळीला प्लास्टिकची बाटली घट्ट बांधून दिली आहे. ते आता टर्बो बदला म्हणतात, तर दुसरे मिस्त्री ‘हाफ इंजिन’ (इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरचे लायनर बदलण्याचे काम) करा म्हणतात. कोणाचे ऐकावे?
— एक ट्रकमालक, ता. वणी, जि. यवतमाळ

उत्तर : तूर्त दोघांचेही ऐकू नका, आधी ती बाटली सोडा. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे आणि आपण ती जाता जाता दिली आहे.

कोणत्याही इंजिनात जळलेल्या वायूचा थोडा भाग पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या तळाच्या पोकळीत उतरतो. मिस्त्री मंडळी याला ‘बॅक कंप्रेशन’ म्हणतात. टर्बोमुळे सिलिंडरमधील दाब वाढलेला असल्याने अशा इंजिनात हा वायू अधिक असतो. तो बाहेर पडण्याची वाट म्हणजे ब्रीदर. ती वाट अडली की चेंबरमध्ये दाब साठतो आणि हा दाब ऑईलला जिथे कमजोर जागा मिळेल तिथून ढकलतो: क्रँकच्या सीलमधून, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून, कधी ऑईल मोजण्याची पट्टीच वर उचलून. दोन नवी सीले हरली याचा अर्थ सीले निकृष्ट होती असा घेण्याची घाई करू नये, कारण आत दाब तसाच राहिला तर तिसरेही त्याच वाटेने जाईल.

टर्बोचेही तसेच आहे. त्यात ऑईल बारीक नळीने दाबाखाली येते, परंतु परत जाताना मात्र जाड नळीतून केवळ आपल्या वजनाने चेंबरमध्ये उतरते. मिनिटाला लाखाच्या घरात फिरणाऱ्या दांड्यामुळे ते फेसाळलेले असते. टर्बोच्या दोन्ही टोकांना रबरी सील नसून पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक कडी असते, आणि खाली उतरू न शकलेले ऑईल अडवून धरण्याचे काम ती करू शकत नाही. मग ऑईल एका बाजूने इंटरकूलरकडे व दुसऱ्या बाजूने सायलेन्सरकडे जाते. तेव्हा पाइपात ऑईल दिसले म्हणजे टर्बो गेलाच असे नव्हे. हजारोंचा नवा टर्बो बसवूनही चेंबरचा दाब न उतरल्यास तोही आठवड्यात ऑईल ओकू लागेल.

बाटली सोडल्यावर ब्रीदरची नळी पूर्ण काढून तिच्यातून फुंकर मारून पाहावी. जाळी असल्यास ती डिझेलमध्ये धुऊन वाळवावी. कोळशाच्या रस्त्यांवर नळीचे तोंड चिखलाने लिंपले जाते, आणि पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले निघाले तरी आश्चर्य वाटू देऊ नये. गळणारे ऑईल पकडायचेच असेल तर डबा मोठ्या तोंडाचा आणि उघडा असावा.

त्यानंतर दाब मोजावा. त्यासाठी गवंडी लेव्हल काढण्यासाठी वापरतात तशी पारदर्शक नळी पुरते. ऑईल भरण्याच्या एखाद्या जुन्या झाकणाला भोक पाडून नळीचे एक टोक तिथे हवाबंद बसवावे, उरलेली नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून फळीला बांधावी, तिच्यात अर्धे पाणी भरावे आणि दुसरे टोक मोकळे ठेवावे. ब्रीदर उघडा ठेवून, इंजिन तापल्यावर, आधी मंद आणि मग पूर्ण वेगात दोन बाजूंच्या पाण्यातील फरक पाहावा. साधारण ७० सेंटिमीटर पाण्याचा फरक म्हणजे एक पीएसआय दाब; निरोगी इंजिनात मोकळ्या ब्रीदरवर हा फरक मोजक्याच सेंटिमीटरचा राहतो. नेमकी मर्यादा प्रत्येक इंजिनाच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेली असते. झाकण उलटे ठेवून ते उडते का हे पाहण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण तिच्यावर विसंबून इंजिन उघडण्याचा निर्णय घेऊ नये.

दाब जास्त निघाला तरीही रिंगांवर शिक्का मारण्यापूर्वी हवेच्या ब्रेकचा कंप्रेसर तपासावा. हा मुद्दा अनेक गॅरेजांत सुटतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. या कंप्रेसरला इंजिनाचेच ऑईल मिळते आणि ते पुन्हा चेंबरमध्ये उतरते. त्याच्या रिंगा झिजल्या की तो टाकीकडे पाठवायची हवा थेट चेंबरमध्ये कोंबू लागतो. गाडीच्या चाकांना दगड लावून टाकी रिकामी करावी, इंजिन चालू करून टाकी भरताना पाण्याच्या नळीवर लक्ष ठेवावे, आणि टाकी भरून अनलोडरने (टाकी भरल्यावर कंप्रेसरवरचा भार उतरवणाऱ्या झडपेने) ‘फुस्स’ केले की पुन्हा पाहावे. कंप्रेसरवरील ताण उतरताच पाण्यातील फरकही ठळकपणे घटला, तर दोषी तोच आहे. टाकीचा खालचा कॉक उघडल्यावर पाण्याबरोबर ऑईल निघत असेल तर संशय आणखी बळावतो. हाफ इंजिनाच्या खर्चापुढे कंप्रेसरच्या रिंगांचा खर्च किरकोळ आहे.

आता टर्बो. त्याचा इंटेक पाइप काढून दांडा हाताने हलवावा. आडवी थोडी हालचाल असणे स्वाभाविक आहे, कारण इंजिन बंद असताना बेअरिंगमध्ये ऑईलचा थर नसतो. पुढे-मागे मात्र हालचाल जवळपास जाणवूच नये आणि पंख्याची पाती घराला घासल्याच्या खुणा नसाव्यात. ऑईल परतीची नळी उभी उतरते का, कुठे दबली आहे का, आणि बसवताना वापरलेल्या सिलिकॉनचा गोळा तिच्या तोंडाशी अडकला आहे का, हेही पाहावे. मागच्या वेळी कोणी ती नळी खोलली असेल तर सिलिकॉनची शक्यता मी सर्वांत आधी धरीन.

हाच पाइप काढलेला असताना एअर फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे स्वच्छ समजल्या जाणाऱ्या भागात बोट फिरवा. काळी बारीक कचकच हाताला लागली तर धूळ फिल्टरला बगल देऊन आत जात आहे, आणि रिंगा व लायनर तिनेच घासले असण्याची दाट शक्यता आहे. फिल्टर आपटून किंवा जोरदार हवा मारून साफ केल्याने त्याचा कागद फाटतो. याउलट फिल्टर कोंडलेला असेल तर टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते आणि ऑईल तिकडे खेचले जाते. कोळसा आणि कापसाचे तंतू अशा दोन्ही प्रकारच्या कचऱ्यात चालणाऱ्या गाडीला फिल्टर बदलण्याच्या पुस्तकी मुदती लागू पडत नाहीत.

हे सर्व निर्दोष निघून दाब तरीही चढाच राहिला, तर प्रत्येक सिलिंडरचे कंप्रेशन तपासून घ्यावे आणि मगच हाफ इंजिन करावे. त्या वेळी दुसरे मिस्त्री बरोबर ठरतील. मागचे सील पुन्हा बदलण्याची वेळ आलीच, तर क्रँकच्या गुळगुळीत भागावरून नख फिरवून पाहावे. नख अडले तर जुन्या सीलने तिथे खाच पाडली आहे आणि नवे सील त्या खाचेवर कधीच बसणार नाही.

इंटरकूलर मात्र आधी रिकामा करून घ्या. त्यात साठलेले ऑईल एकदम ओढले गेले तर डिझेल इंजिन तेच जाळून बेफाम पळू शकते आणि चावी फिरवून बंद होत नाही. मग केवळ हवेची वाट बंद करूनच ते थांबवता येते. धुण्यासाठी डिझेल वापरले असल्यास तेही थेंबभर आत राहू नये.

प्रश्न : माझी गाडी बीएस-६ आहे. तिच्या ब्रीदरची नळी टर्बोच्या आधीच्या पाइपाला जोडलेली असून त्या पाइपात ऑईलचा ओलावा दिसतो. नळी सोडून खाली लटकवावी, असा सल्ला मिळाला आहे. संत्र्याच्या हंगामापूर्वी करून घ्यावे काय?
— एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : करू नये. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाडीत धूर-नियंत्रणाची सर्व व्यवस्था एकमेकींत गुंफलेली असते. शिवाय नळी सोडून पाइपाचे भोक उघडे राहिले तर फिल्टर चुकवून धूळ थेट टर्बोत जाईल. पाइपात हात तेलकट होण्याइतपत ओलावा असणे हे या रचनेत नेहमीचेच आहे. ऑईल साचून वाहत असेल तर मात्र ऑईल वेगळे करणाऱ्या सेपरेटरचा घटक बदलण्याची मुदत उलटली आहे का ते पाहावे, आणि पट्टीवरील पातळी खुणेच्या वर नाही ना, हेही सपाट जागी तपासावे. अधिकचे ऑईल क्रँक घुसळतो आणि ते ब्रीदरमधून बाहेर येते. पातळी न भरता आपोआप वाढत असेल तर ऑईलमध्ये डिझेल उतरत असण्याची दाट शक्यता आहे, तेव्हा गाडी चालवू नये.

प्रश्न : टर्बोची गाडी लगेच बंद करू नये म्हणतात. कापूस खरेदी केंद्रासमोर रात्रभर रांगेत उभे असताना ती चालू ठेवावी काय?
— एक चालक, जि. वर्धा

उत्तर : चढण किंवा भरधाव प्रवास संपल्यावर दोन-तीन मिनिटे मंद ठेवून बंद करावी, एवढाच त्या सूचनेचा अर्थ आहे. तासन्‌तास मंद ठेवल्यास टर्बो पुरेशी हवा भरत नाही, त्याच्या कड्यांवर आतून पुरेसा दाब राहत नाही, आणि ऑईल हळूहळू पाझरू लागते. रांग सरकेपर्यंत बंद ठेवा.